हजेरी

फोनवर म्हणाल्या, एल्गुजा, संगणक ओरडतोय.
ओझुर्गेतीत निम्म्या घरचे संगणक ओरडतात,
उरलेले गप्प असतात, ते जास्त महागात पडतं.
स्क्रूड्रायव्हर घेतला. लागत नाही,
पण हात रिकामे दिसले की लोक पैसे कमी देतात.

त्सिआला बाई. सातवीत मला भूगोलात नापास करणाऱ्या.
पडद्याच्या कोपऱ्यात लाल चौकट,
तासाला दोन-तीनदा वर यायची:
बाहेरून आलेली जोडणी अडवली.
एकोणीस महिन्यांत सदतीस हजार नऊशे बारा.
कोण आहेत हे? त्यांनी विचारलं,
आणि दारात कुणी उभं असावं तसा आवाज खाली आणला.

नातू साबा व्रोत्सवाफला गोदामात कामाला गेला.
आजी, मशीन बंद करू नकोस, एवढंच म्हणाला.
त्याचा फाइली वाटायचा प्रोग्रॅम अजून बसलेला,
गावजेवणाचं पान मांडून,
आणि शेजारणीच्या मुलाने बसवलेलं सुरक्षेचं सॉफ्टवेअर
पाहुण्यांना उंबऱ्यावरूनच वाटेला लावत होतं.

फोल्डर उघडलं. वाटलं, सिनेमे असतील,
किंवा असलं काही, ज्यासाठी बाईंना आधी चहा करायला पाठवावं.
एकच फाइल.
चहा तोडणीच्या यंत्राची दुरुस्ती-पुस्तिका, पानं चारशे सहा,
साबाने स्कॅन केलेली. समासात पेन्सिलीने:
हा बोल्ट उलटा फिरतो. कारखान्यालाही माहीत नाही.
अक्षर गिव्हींचं, बाईंच्या यजमानांचं.
कारखाना भंगारात गेला, पत्र्यासकट.
मागोमाग गिव्ही.

जगात बऱ्याच जणांकडे ही पुस्तिका होती, तुकड्या-तुकड्यांनी.
पान दोनशे अकरा ते दोनशे चाळीस
कुणाकडेच नव्हती.
ती या टेबलाखाली होती, धुळीत.

बाई तोवर भिंतीपाशी.
शाळेने टाकून दिलेला नकाशा, एकसष्टचा.
मी यादीतला देश वाचायचा, त्या टाचणी टोचायच्या.
तुर्कस्तान. व्हिएतनाम. केनिया. पुन्हा तुर्कस्तान.
मलावी.
मलावी नाही, न्यासालँड, म्हणाल्या, आणि टोचली.
हा रोज यायचा, रात्री सव्वादोनला,
एकोणीस महिने, एकही खाडा नाही.
तुला जमलं नसतं, एल्गुजा.

मी म्हटलं, यांत चोरही असतील.
वर्गातही असतात. उघड.

परवानगी दिली. चौकट थांबली.
टेबलाखालचा डबा घुमायला लागला.
पंधरा लारी घेतले, जिन्यातून परत जाऊन पाच ठेवून आलो.

बुधवारी फोन. संगणक गप्प झाला रे.
बिघडला नाही, बाई. आता ते आत येतायत.
मग दिसत का नाहीत?
काय सांगू. अडवलेल्यांचीच नोंद ठेवतं ते.
आत घेतलेल्यांची यादी हवी
तर पैसे भरायचे, महिना अकरा लारी.
पलीकडे बराच वेळ काही नाही. पेन्शनचा हिशेब
कधीकधी ऐकू येतो.
मग शनिवारपुरतं अडवायला शिकव, म्हणाल्या. रात्री दोन ते तीन.

शिकवलं. कागदावर मोठ्या अक्षरात, बाण काढून.
मी कुणाला काही शिकवलं असं ते पहिलंच.

रविवारी पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला.
व्हिएतनाम आलं. केनिया उशिरा आलं.
न्यासालँड आलं नाही.
त्याचं काम झालं असेल, मी म्हटलं, डोळे न उघडता.
किंवा त्याच्याकडे लाइट गेली असेल.
किंवा तेही.
वहीचं पान उलटल्याचा आवाज.
नीट सांग, एल्गुजा. पेन धरून बसलेय.
त्याला गैरहजर लिहू,
की पास?